बंडीवाल्यांचे वडे

दिवाळी मागे पडली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरून उठल्या, की धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात हवेला एक वास येतो. धानाच्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा. थोडा गोड, थोडा धुळकट. नाकात शिरला की शिंक येते आणि शिंकेच्या मागून काहीतरी आठवतं. आता हार्वेस्टर फिरतात. सकाळी उभं असलेलं धान दुपारी ट्रॉलीत पडलेलं असतं. पण वास तोच. त्याच्यावर अजून कोणी मशीन आणली नाही, एवढं बरं.

यंदा मात्र तो वास आला आणि मी धसकलेच.

त्याचं कारण आधी सांगते. पावसाळ्यापासून माझं काहीतरी बिनसलं होतं. दूध उतू जायचं. चष्मा डोक्यावर आणि मी सगळं घर धुंडाळून राहिलेली. एकदा सुनेला, वर्षाला, मी माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली. नणंद तर केव्हाच गेली. वर्षा हसली, "ओ" दिली, पण तिनं स्वयंपाकघरातून प्रवीणकडे पाहिलं ते मला दिसलं. प्रवीण माझा मुलगा. गुणाचा आहे, आवाज चढवत नाही. त्यानं गुपचूप नागपूरच्या एका डॉक्टरकडे माझं नाव लावून टाकलं. आणि घरात एक वाक्य सुरू झालं, "आई, गॅस बंद केला ना?" मी अंघोळीला चालले तरी, अंगणात तुळशीजवळ उभी असले तरी. प्रेमानंच विचारायचे. पण प्रेमानं विचारलेलंच जास्त बोचतं.

माझ्या मायचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी मी माहेरी गेले की ती माझा हात हातात घ्यायची, बांगड्या चाचपायची आणि विचारायची, "कोनाची वं तू?" म्हणून मी नागपूरला घाबरत होते. डॉक्टरला नाही, त्या प्रश्नाला.

अशात तो तणसाचा वास आला आणि मला भैयाजीच्या हॉटेलातले वडे आठवले. मनात म्हटलं, हे तरी खरं आहे ना? की हेही मी माझ्या मनानंच तळून ठेवलेलं?

आता ते साल सांगते. साल म्हणजे आकडा नाही, हंगाम. मी तेव्हा परकर-पोलक्यातली. त्या हंगामात माय अंथरुणाला खिळलेली, भाऊ टेकचंद अगदीच लहान, त्याला आजी सांभाळायची. मी घरात असले की मायच्या उशाशी बसून रडायचे, म्हणून माझे वडील, बाबुजी, मला बैलबंडीवर बसवून सोबत न्यायचे. धान भरडायला. गोरेगावच्या राईस मिलसमोर चिंचेखाली बंड्यांची ही रांग! बैल सोडलेले, त्यांच्यापुढं तणस टाकलेलं, माणसं पोत्यांना टेकून बिड्या ओढत बसलेली. नंबर लागेपर्यंत दिवस कलायचा. मिलचा पट्टा फट्फट् फिरायचा आणि कोंड्याची धूळ सगळ्यांच्या भुवयांवर बसायची. सगळे एकदम म्हातारे दिसायचे. मी बाबुजींच्या भुवया बोटानं पुसून त्यांना पुन्हा जवान करायची.

मिलला लागून भैयाजीचं हॉटेल. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, पण हे खरंच हॉटेल होतं. पुढच्या बाजूला काचेचं कपाट, त्यात आलूबोंडे आणि चिवडा, बसायला बाकडी. तिथं एसटीचे प्रवासी, कचेरीतले बाबू, शाळेतले गुरुजी. बंडीवाले पुढं बसत नसत. कोणी मनाई केली नव्हती, पण चिखलाचे पाय घेऊन बाबूंच्या शेजारी कोण बसतो? ते मागून जायचे. मागे मातीची चूल, चुलीपाशी भैयाजीची बायको. तिला सगळे भौजी म्हणत. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, एक डोळा धुरानं मिटलेला. ती फक्त धानाच्या दिवसांत, फक्त मागच्या बाजूला, वडे काढायची. बंडीवाल्यांसाठी.

काय सांगू ते वडे! तळहाताएवढे, चपटे, कडेला काळपट लाल. दाताखाली आधी कुरकुर, मग रवाळ, मग एक खमंग, जरा कडवट, मातीच्या जवळचा वास नाकाकडे चढायचा. डाळीत लसूण नि हिरवी मिरची ठेचलेली. भौजी मला पळसाच्या पानावर वडा द्यायची. "ले बिटिया, फूंक के खा." मी न फुंकताच खायचे आणि भाजलेल्या टाळूला दिवसभर जीभ लावत बसायचे.

एकदा पुढच्या बाजूचे एक बाबू वासानं मागं आले. "क्या तल रही हो भौजी?"

"चना है बाबूजी, चना."

बाबू परत गेले. बंडीवाले खाली मान घालून हसले. का हसले ते मला तेव्हा कळलं नाही. मी "चना" तेवढं डोक्यात ठेवलं. आणि त्या एका शब्दानं म्हातारपणी माझी ही अशी परवड केली.

पुढच्या हंगामापर्यंत माय उठून बसली आणि माझं बंडीवर जाणं संपलं. मग शाळा, लग्न, संसार. फिरून गोरेगावातच आले, पण तोवर हॉटेल बंद. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. काचेचं कपाट तिथंही आहे म्हणा.

तर यंदा मी वर्षाला म्हटलं, "चण्याची डाळ भिजव. तुला एक चीज खाऊ घालते."

वर्षा वर्ध्याची. हौशी आहे, डाळ वाटून दिली. मी वडे थापायला बसले. प्रत्येक वडा थापला की बोटानं मधोमध भोक पाडत होते.

"आई, हे मेदूवडे आहेत का?"

"नाही गं."

"मग भोक कशाला?"

मी थांबले. खरंच, कशाला? मला काही ठाऊक नव्हतं. "आतून शिजावा म्हणून," असं सांगून टाकलं, आणि पुढच्या वड्यालाही बोट आपोआप भोक पाडून गेलं.

वडे छान झाले. तेच तर वाईट. नागपूरच्या लग्नात वाढावेत असे छान. खाऊन प्रवीणनं बोटं चाटली, "आई, एकच नंबर!" आणि मला रडू फुटलं. "हे नाहीत रे ते," मी म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात पुन्हा ते नागपूर होतं.

शेजारच्या वच्छलाबाईंना विचारलं. त्यांचा जन्मच गोरेगावचा, वडील कचेरीत होते. त्यांनी पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली आणि निकाल दिला. "भैयाजीच्या हॉटेलात वडे? कवाच नाही. आलूबोंडा, चिवडा, चाय. आमचे बाबा रोज जात."

"अवं, मागच्या बाजूले..."

"मागं तं उकिरडा होता. तुम्हाले सपन पडलं असन."

वच्छलाबाई तोंडाच्या फटकळ, पण मनात काही नसतं. तरी तो शब्द मला लागला. सपन. टेकूला फोन केला. टेकू म्हणजे टेकचंद, भाऊ माझा. माहेरच्या गावी शेती करतो.

"टेकू, गोरेगावच्या भैयाजीच्या हॉटेलातले वडे आठवते का रे तुले?"

"कोनतं हॉटेल वं बाई? मी कवा गेलो हॉटेलात? माले तं बाबुजी बंडीवर चढू बी देत नोहोते." मग जरा थांबून, "काऊन? का झालं? तुही तबेत बरी हाय ना?"

म्हणजे प्रवीणनं त्यालाही सांगितलेलं. मी फोन ठेवला. त्या दिवशी मी तीनदा उठून गॅस पाहून आले. कोणी विचारायच्या आधीच.

मग बरबटीची, म्हणजे चवळीची, डाळ करून पाहिली, मुगाची करून पाहिली. वर्षा बिचारी वाटून द्यायची, घरचे खायचे, मी नुसती भोकं पाडायची. शेवटी मीच म्हटलं, पुरे आता. असेल सपन.

ज्या दिवशी पुरे म्हटलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. थंडीनं गुडघे धरले होते. टेकू दरवर्षी मला जवसाच्या तेलाची बाटली पाठवतो, घाण्यावरून काढलेलं. बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातलं, धान कापायच्या आधीच ओल्या चिखलात जवस आणि लाखोरी, म्हणजे लाख डाळ, यांचं बी फेकून देतात. धान निघालं की खालून ती दोन्ही उगवून येतात. नांगर नको, पाणी नको. पूर्वी आमच्या भागात घरोघरी याच तेलात फोडणी व्हायची. आता पाकिटातलं तेल आलं आणि जवस उरलं गुडघ्यांपुरतं. तर मी बाजेवर बसून, वाटीत तेल कोमट करून, गुडघ्यांना चोळत होते. आत वर्षानं बाजारातून आणलेली लाखोरीची कोवळी भाजी शिजायला टाकली होती. तिला त्या भाजीचं भारी कौतुक, तिकडं वर्ध्याकडे मिळत नाही म्हणते. भाजीची वाफ आतून आली, तेलाचा वास माझ्या तळहातातून वर आला, आणि दोन्ही माझ्या नाकापाशी भेटले.

आणि मी भौजीच्या चुलीपाशी बसलेली.

खरंच सांगते, धूरसुद्धा डोळ्यात गेला. मी तेलकट हातानं तशीच उठले. "वर्षा! लाखोरी! अगं चना नव्हताच तो, लाखोरी होती! आणि तेल हे!"

वर्षा पळत आली. तिला वाटलं पडले की काय. आणि पाहते तर सासू आपलाच गुडघा हुंगून राहिली.

बंडीवाले का हसले ते मला इतक्या वर्षांनी त्या बाजेवर कळलं. लाखोरी तेव्हा बाजारात विकायला मनाई होती. पाय जातात, लुळे पडतात म्हणायचे तिनं. पण आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरी तीच डाळ, तीच भाजी, तिचंच पीठ. गरिबाची डाळ, म्हणून पुढच्या बाजूला तिचं नावही नको. कचेरीतल्या बाबूला कोण सांगतो, लाखोरी तळून राहिली म्हणून? चना है बाबूजी, चना. बाबू फसले तर फसले, चुलीपाशी बसलेली एक पोरगीही फसली. आणि ज्या तेलापायी मी डाळीमागून डाळ बदलत होते, ते रोज संध्याकाळी गुडघ्यांना चोळत होते!

आता मनाई उठली आहे, डाळ बाजारात मिळाली. आजी करायची तशी ती कढत पाण्यात भिजवली, ते पाणी फेकलं, पुन्हा भिजवली, पुन्हा फेकलं. पाय जायची भीती आजीनं या दोन पाण्यांतच वाहून टाकलेली होती, आणि चार दिवसांची हौस म्हणजे काही रोजचं जेवण नव्हे. पाट्यावर जाडीभरडी वाटली. जवसाच्या तेलाची नवी बाटली फोडली. ते आधी चांगलं तापवून त्यात कांद्याची फोड काळी होऊ द्यायची आणि काढून टाकायची, नाहीतर कडवटपणा अंगावर येतो. हे सगळं मला न विचारता आठवत गेलं. वडा थापला, भोक पाडलं, सोडला.

पहिला वडा मी न फुंकता खाल्ला.

तोच होता. टाळू भाजली तीही तशीच. पण प्रवीण आणि वर्षा माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला "तोच" म्हणायचा धीर होईना. कारण पडताळून कोण पाहणार? मायलासुद्धा वाटायचंच की, आपलं सगळं बरोबर आहे. माझ्या जिभेची साक्ष माझ्याच जिभेनं द्यायची, याला काय अर्थ? मी म्हटलं, "बरा झाला," आणि बाकीचे तळत राहिले.

तेवढ्यात फाटकात मोटारसायकल वाजली. टेकू. मागं नव्या तांदळाचं पोतं बांधलेलं. नवं धान भरडलं की पहिलं पोतं बहिणीच्या घरी, ही आमच्याकडची रीत, आणि टेकूनं ती कधी चुकवली नाही. कानाला मफलर, कोंड्यानं भुवया पांढऱ्या. हातपाय धुतले, बाजेवर बसला, मला वरून खालून पाहू लागला. तब्येत पाहत होता.

"असा का पाहून राहिला? जित्ती हाय मी."

"दिसून राहिली ना जित्ती. चाय कोठी हाय?"

मी वर्षाला खुणेनं सांगितलं, काही बोलू नको. तिनं चहा दिला आणि बशीत वडे ठेवले. टेकू आपला हार्वेस्टरच्या भाड्याचं बोलत होता. बोलता बोलता त्यानं एक वडा उचलला. खाल्ला नाही. त्याच्या भोकात करंगळी घातली आणि वडा बोटावर गरगर फिरवला. मग नाकाशी नेला. हार्वेस्टर अर्ध्यावरच राहिला.

"हे तं बंधातले वडे होत वं बाई," तो म्हणाला. "कोन देल्लन तुले?"

"बंधातले म्हणजे?" मी विचारलं.

"मिलाचे! बाबुजी नाई आनत होते? तनसाच्या बंधात ओवून, बंडीच्या खुंटीले बांधून. धानाचा भारा बांधतेत तसा बंध, आन् त्यात हे वडे, माळीवानी. मी फाटकात उभा रायत होतो वाट पाहत. आजी म्हने, आले पाह्य तुये मिलाचे वडे. मी ते गरयात घालून मायच्या खाटेभवती फिरो. माय हासे." त्यानं वडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "माले वाटे, धान भरडलं का मिलवालाच देते."

"अन् मी कोठी होती तवा?"

"तू? तू तं खाली पोत्याईत झोपून येस. बाबुजी उचलून खाटेवर टाकत. सकायी उठून भांडस माझ्यासंग, माले काऊन नाई ठेवले म्हनून."

वर्षा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, भोक ओवायला होतं."

हो. भोक ओवायला होतं. भौजी चुलीपाशी बसून बोटानं भोक पाडायची, ते मी पाहिलं होतं. बंध ओवला जाई तेव्हा मी पोत्यांत झोपलेली. माझ्याजवळ हॉटेल होतं आणि माळ नव्हती; टेकूजवळ माळ होती आणि हॉटेल नव्हतं. मी इतके दिवस त्याला हॉटेल विचारत होते, तो तरी काय सांगणार! आणि ज्या बोटाला भोकाचं कारण ठाऊक नव्हतं, ते बोट दर खेपेला, दर डाळीला, बिनचूक भोक पाडत आलं होतं.

मी एकदम हसायला लागले. हसता हसता पदर ओला झाला. प्रवीण घाबरून जवळ आला. मी म्हटलं, "काही नाही रे. हलकं वाटून राहिलं." आणि खरंच, पावसाळ्यापासून पाठीवर घेतलेलं पोतं कोणीतरी खाली ठेवावं तसं वाटलं.

एक गंमत अशी, की माळेचं मला आजही आठवत नाही. टेकूनं एवढं सांगितलं, बंधाचं, खुंटीचं, तरी माझ्या डोळ्यांपुढं काही येत नाही. पण त्याची भीती वाटली नाही. आठवत नाही तर नाही. मी झोपलेली होते. माणूस झोपतोच की.

वच्छलाबाईंकडे बशी पाठवली. थोड्या वेळानं त्या स्वतःच बशी घेऊन आल्या, धुऊन. "चव बरी हाय," म्हणाल्या. "पन पुढं नोहोते हे."

"तेच तं म्हणत होती मी."

"मग मागं म्हनाले पायजे होतं."

म्हटलंच होतं. पण जाऊ द्या. त्यांनी उरलेल्यांतले आणखी दोन नेले.

नागपूरला मी आता जाऊन आले. आपणहून तारखेची आठवण करून दिली प्रवीणला. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचारलं, रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढला. मग म्हणाल्या, आजी, वयाचं आहे ते वयाचं, काही वाईट दिसत नाही, थोडी कमतरता आहे, गोळ्या घ्या, झोप घ्या. प्रवीण गाडीत बसल्यावर कितीतरी वेळ चावी न फिरवता नुसता बसून राहिला. मग डोळे पुसून गाडी सुरू केली. तेव्हा कळलं, की भीती काही माझ्या एकटीची नव्हती. येताना वाटेत सडक अर्जुनीला धाब्यावर चहा घेतला तेव्हा तो इतका बोलत होता, इतका बोलत होता, की शेवटी मीच त्याला गप्प केलं.

पण मला पुन्हा पुन्हा आठवतो तो टेकूचा दिवस. उन्हं कलली तसा तो निघाला. मी त्याच्या पोत्याला लागून आलेलं तणस उपसलं, भिजवलं, तळहातांत वळलं. वळता येत होतं. उरलेले वडे एकेक करून ओवले आणि बंध मोटारसायकलच्या हँडलला बांधला.

"अवं, लोक हासतीन ना!"

"हासू दे. गरयात घालतोस का?"

त्यानं किक मारली. माळ झुलत झुलत गल्लीच्या वळणापर्यंत गेली, आणि वळणावर त्या म्हाताऱ्यानं एका हातानं एक वडा तोडून तोंडात टाकलेला मी पाहिला.

मी फाटकाशी उभीच होते. आतून वर्षाची हाक आली, "आई, गॅस बंद केला ना?"

"केला," मी म्हटलं.

सवयीनं आत जाऊन पाहिलं. केला होता.